शिलाई मशीन म्हणू नका

फोनमध्ये त्यांचा नंबर 'उरणवाले' म्हणून सेव्ह आहे, इथेही तेच नाव चालू दे. २०२३च्या नोव्हेंबरात त्यांना पहिला फोन केला तेव्हा मी वही उघडून बसले होते. परदेशातून एक जुनी मशीन आणायची होती. माल आणून देणाऱ्या तीन एजंटांचे दर तीन रकान्यांत लिहून झाले होते, चौथा रकाना यांचा. त्यांनी दर सांगितलाच नाही. म्हणाले, "मॅडम, पेटी कोण बनवणार?"

"कसली पेटी?"

"मशीन उघडी तर नाय येणार ना. लाकडाची पेटी करावी लागेल. ती कोण करणार, आणि त्या लाकडावर शिक्का असणार का, तेवढं तिकडे विचारून घ्या. दराचं मग बोलू."

दर टाळायची ही एक तऱ्हा असणार, असं वाटून मी फोन ठेवला आणि चौथ्या रकान्यात प्रश्नचिन्ह काढलं. रात्री मात्र तो शिक्का डोक्यातून जाईना.

आमचा धंदा बाइंडिंगचा. पुण्यात, पेठेत, वडिलांनी वाड्याच्या तळमजल्यावर सुरू केलेला. पुढे वाडा पडला, इमारत झाली, आम्ही तळमजल्यावरच राहिलो. छापलेल्या मोठ्या कागदांना घड्या घालून सोळा-सोळा पानांचे फर्मे होतात. प्रत्येक फर्म्याच्या घडीतून दोरा ओवायचा आणि शेजारच्या फर्म्याला बांधत जायचं, ही जुजबंदी. असं शिवलेलं पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं की उघडंच राहतं, आणि पन्नास वर्षांनीही पानं हातात येत नाहीत. हल्ली बहुतेक पुस्तकांची पाठ खरवडून गरम गोंद लावतात. त्याला 'परफेक्ट बाइंडिंग' म्हणतात. आमच्या धंद्यातला हा एकच विनोद, आणि तोही इंग्रजीतला.

हाताने जुजबंदी करणाऱ्या आमच्याकडच्या मावशी साठीच्या पुढे गेल्या. बोटांत सुई ठरत नाही. त्यांच्या जागेवर बसायला कुणी तयार नाही, आणि का व्हावं? नवी शिवणारी मशीन आमच्या आवाक्यातली नव्हती. जुनी शोधता शोधता लायप्झिगमधलं एक छोटं बाइंडिंगचं दुकान बंद होतंय असं कळलं. लायप्झिग म्हणजे आमच्या धंद्याची पंढरी. पुस्तकं शिवणाऱ्या मशीन बनवणारा ब्रेमरांचा कारखाना त्याच गावचा. फोटोत मशीनला हिरवा रंग, बाजूला एक पाटी, आणि सुयांच्या रांगेवर कुणीतरी धुतलेलं फडकं पांघरलेलं. त्या फडक्यावर मी भाळले. सुयांना फडकं पांघरणारा माणूस खोटं बोलणार नाही, असं माझं आपलं गणित. किंमत साडेचार हजार युरो, 'एक्स वर्क्स'.

एक्स वर्क्स म्हणजे विकणाऱ्याच्या दारापासून पुढचं सगळं आपलं, एवढं मला ठाऊक होतं. उरणवाल्यांनी दुसऱ्या फोनला विचारलं, "कुठल्या मजल्यावर आहे?" पहिल्या. "मग खाली कोण उतरवणार? एक्स वर्क्समध्ये तो माणूस ट्रकवर चढवून द्यायलासुद्धा बांधील नाय. तिकडचे एक्सपोर्टचे कागदपण आपल्याच गळ्यात." मी लायप्झिगला मेल केली. विकणाऱ्या आजोबांचं उत्तर मोठं प्रेमळ होतं. मशीन उतरवायला पुतण्या येईल, आणि पेटी शेजारचा सुतार करून देईल, जुन्या घराच्या फरशीखालच्या फळ्या आहेत त्याच्याकडे, एकदम पक्क्या.

त्या पक्क्या फळ्या मला न्हावा शेव्याच्या बंदरात किती दिवस बसवून ठेवणार होत्या ते तोपर्यंत कळलं होतं. लाकडातून किडे देशोदेशी पसरतात म्हणून कच्च्या लाकडाच्या पेट्या आणि पॅलेट यांच्यासाठी जगभर एक नियम आहे. लाकूड आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवायचं, नाहीतर औषधाच्या धुराची धुरी द्यायची, आणि मग त्यावर शिक्का डागायचा: एका चौकटीत धान्याची लोंबी, देशाची अक्षरं, बनवणाऱ्याचा क्रमांक आणि तापवल्याची खूण, 'एचटी'. शिक्का नसेल तर मशीन कितीही निर्दोष असो, पेटी अडकते आणि पेटीबरोबर मशीनही. धुरी, तपासणी, आणि तोवर चढत जाणारं गोदामाचं भाडं.

मी दरांच्या मागे एवढी का लागले होते, त्याला कारण होतं. २०१९मध्ये चीनहून सोनेरी फॉइलचे रोल आणि ठसे उठवायचा एक छोटा प्रेस मागवला होता. जेमतेम दोन घनमीटर माल. विकणाऱ्यानेच एजंट दिला, आणि समुद्राचं भाडं सांगितलं घनमीटरला पाच डॉलर. पुण्यातून पिंपरीला टेम्पो करायचा तरी याहून जास्त पडतं. मी चार जणांना कौतुकाने सांगितलंसुद्धा. माल इथे आला आणि इकडच्या एजंटाचं बिल आलं. एकोणीस ओळींचं. डीओ चार्ज, टर्मिनल हँडलिंग, सीएफएस चार्ज, डॉक्युमेंटेशन, डीकन्सॉलिडेशन, आणि एका ओळीत नुसतंच 'अदर्स'. एकूण एकेचाळीस हजार. माल नव्वद हजारांचा.

यात बेकायदा काही नव्हतं, हे मला नंतर समजलं. अनेकांचा थोडा थोडा माल एका कंटेनरमध्ये भरून पाठवतात, त्याला एलसीएल म्हणतात. तिकडे डबा भरायला पार्ट्या मिळाव्यात म्हणून भाडं पाडून सांगायचं, कधी कधी शून्यसुद्धा, आणि सगळी वसुली उतरत्या बंदरात करायची. डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे डीओ, त्यांच्या माणसाच्या हातात. त्या कागदाशिवाय माल हलत नाही. बिल वाचून आपण भांडायला उभे राहतो तोवर गोदामाचं मीटर सुरू झालेलं असतं. वरात फुकट म्हणायचं आणि जेवणावळीचं बिल मुलीकडच्यांना द्यायचं, तसला प्रकार.

तेव्हा मी चिडले ती एजंट नावाच्या अख्ख्या जमातीवर. खरं तर या एका शब्दात आपण दोन निराळी माणसं कोंबतो. फ्रेट फॉरवर्डर जहाजावर जागा धरतो, ट्रक लावतो, माल एका बंदरातून दुसऱ्या बंदरात आणतो. क्लिअरिंग एजंट तो कस्टममधून सोडवतो. दुसऱ्याला परवाना लागतो, परीक्षा असते. २०१३च्या नियमांनी त्याचं 'कस्टम हाउस एजंट' हे नाव बदलून 'कस्टम्स ब्रोकर' केलं, पण बॅलार्ड इस्टेटपासून द्रोणागिरीपर्यंत सगळे अजून जुन्या नावाने 'सीएचए'च म्हणतात. उरणवाले ही परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झाले. लेखी झाली, तोंडी झाली, आणि एफ कार्ड हातात आलं. "दहावीला एवढा अभ्यास केला असता तर बापाने बैल विकून शिकवला असता," असं ते म्हणतात. जहाजाचं काम ते दुसऱ्याकडून करून घेतात, पण मला त्यांनी एकाच कागदावर दोन्ही टोकांचा खर्च लिहून दिला. लायप्झिगच्या पहिल्या मजल्यापासून पुण्यातल्या आमच्या उंबऱ्यापर्यंत. समुद्राचं भाडं बाकी तिघांपेक्षा बरंच जास्त होतं. बेरीज सगळ्यांत कमी.

पेटीचं प्रकरण तेवढ्यावर संपलं नाही. शिक्क्याच्या लाकडाची पेटी करणारा दुसरा माणूस सापडला, त्याने मापं पाठवली. एलसीएलचं भाडं घनमीटरवर किंवा टनावर, जे जास्त भरेल त्यावर. आमची मशीन टनाला जराशी कमी आणि मापाने तीन घनमीटरच्या आत. पेटी पाच घनमीटरची. "ताई, दोन घनमीटर हवा आणताय जर्मनीची," उरणवाले म्हणाले, आणि मी पहिल्यांदाच मॅडमची ताई झाले. त्यांनी पेटीचं चित्र मागवलं, खालच्या आडव्या तुळया आत घ्यायला लावल्या, चाक निराळं काढून पोटाशी बांधायला सांगितलं. पेटी चारवर आली.

मग विमा. मी म्हटलं, "जहाज बुडणार आहे का?" त्यावर त्यांनी 'एव्हर गिव्हन'ची गोष्ट सांगितली. २३ मार्च २०२१ला चारशे मीटर लांबीचं ते जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं, २९ तारखेला सुटलं. बातम्या आपण सगळ्यांनी पाहिल्या, पुढचं फार कुणाला माहीत नाही. मालकांनी 'जनरल ॲव्हरेज' जाहीर केलं. दर्यावरचा हा फार जुना कायदा आहे: जहाज आणि माल वाचवायला जो खर्च किंवा त्याग करावा लागला तो जहाजमालकाने आणि जहाजावर ज्याचा ज्याचा माल आहे त्या सगळ्यांनी किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. तुमच्या पेटीला ओरखडाही नसला तरी. विमा असेल तर विमा कंपनी हमी लिहून देते. नसेल तर आधी पैसे ठेवा, मग माल. मी विमा घेतला.

लाल समुद्रात तेव्हा आगच लागली होती. १९ नोव्हेंबरला येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी 'गॅलेक्सी लीडर' जहाज ताब्यात घेतलं, आणि डिसेंबरात मोठमोठ्या कंपन्या सुएझची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घालायला लागल्या. वास्को द गामा आला ती वाट. आमची पेटी जानेवारीत हँबर्गहून निघाली ती केप ऑफ गुड होपवरून. दोन आठवडे जास्त आणि भाड्यावर वेगळा अधिभार. हा अधिभार मला बिलात अचानक दिसला नाही. तो लागणार हे उरणवाल्यांनी पेटी ट्रकवर चढायच्या आधीच कळवलं होतं, आकड्यासह, आणि खाली लिहिलं होतं: 'थांबायचं असेल तर आज सांगा.' पाच डॉलरवाल्या बिलाचा विचार करता हे एक वाक्य मी फ्रेम करून लावायला हवं होतं.

आता नावाकडे येते.

आजोबांनी इन्व्हॉइस पाठवलं. त्यावर मशीनचं वर्णन तीन शब्दांत: यूज्ड सुइंग मशीन. ते मी जसंच्या तसं पुढे पाठवलं. दहा मिनिटांत फोन.

"ताई, शिलाई मशीन म्हणू नका. त्यांनाही म्हणू देऊ नका. इन्व्हॉइस बदलून मागवा."

"अहो, पण शिलाईच करते ती."

"कपडे शिवते का?"

जगातल्या प्रत्येक विकाऊ वस्तूला एक आकडा असतो. ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही यादी १९८८पासून लागू आहे. तिच्यात ९७ प्रकरणं, त्यातलं ७७वं पुढेमागे लागलं तर म्हणून कोरं ठेवलेलं. पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखे, पुढचे दोन आपण लावतो. जिवंत घोड्यापासून जुन्या चित्रांपर्यंत सगळं तिच्यात आहे, आणि सीएचएची खरी कारागिरी आपली वस्तू कुठल्या ओळीत बसते ते हेरण्यात. ओळ चुकली तर जकात चुकते, जकात चुकली तर दंड, आणि मुद्दाम चुकवली असा संशय आला तर त्याहून वाईट. शिलाई मशीन ८४५२मध्ये. पण त्या ओळीतच लिहिलंय: ८४४०मधली पुस्तकं शिवायची मशीन सोडून. आणि ८४४० म्हणजे पुस्तकबांधणीची यंत्रं, पुस्तकं शिवायच्या मशीनसह.

मी ती ओळ दोनदा वाचली. एवढ्या मोठ्या यादीत कुणीतरी थांबून आमच्या जुजबंदीसाठी दोन ठिकाणी टीप लिहिली होती. इथे नळाच्या बिलावर आमच्या धंद्याचा प्रकार 'इतर' असा येतो.

कस्टमकडे आयातीची नोंद करायची ती बिल ऑफ एंट्री. ती भरण्याआधी एजंट एक चेकलिस्ट पाठवतो. आपण ती वाचून 'ओके' म्हणायचं असतं, आणि बहुतेक जण न वाचताच म्हणतात. मी प्रूफं वाचणाऱ्या माणसांत वाढलेली, ओळ न ओळ तपासली. 'मूळ देश' या रकान्यात जर्मनी होतं. मशीनच्या पाटीचा फोटो मी पुन्हा मोठा करून पाहिला. तिच्यावर 'मेड इन जीडीआर'. पूर्व जर्मनी. ३ ऑक्टोबर १९९०ला तो देश संपला. मोठी चूक पकडली अशा थाटात मी फोन केला.

"बघितलंय मी," उरणवाले म्हणाले. "कॉम्प्युटरमध्ये तो देश नाय. जर्मनीच टाकायचं, आणि पाटीचा फोटो जोडायचा. साहेबांनी विचारलं तर सांगता येतं. नाय विचारलं तर फोटो आपला बसला आहे जागेवर."

जहाज लागायच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री भरायची असते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज पाच हजार, पुढे रोज दहा हजार. आमची वेळेत भरली गेली. मात्र जुनी यंत्रं सरळ सुटत नाहीत. किंमत खरी आहे की पाडून दाखवली आहे, हा प्रश्न येतोच, म्हणून आधी तपासणी आणि मग जकातीची आकारणी, याला 'फर्स्ट चेक' म्हणतात. चार्टर्ड इंजिनिअर येऊन मशीन बघतो, कुठल्या सालची, नवी असताना काय किमतीची असेल, अजून किती वर्षं चालेल, ते लिहून देतो. घसारा धरायचा एक जुना तक्ताही आहे, १९८७च्या परिपत्रकातला: पहिल्या वर्षी तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच, पुढे २, आणि काही झालं तरी एकूण ७०च्या वर नाही. मशीन कितीही म्हातारी होवो, या तक्त्यात तिची ३० टक्के किंमत शिल्लकच राहते. माणसांसाठीही असं एखादं परिपत्रक हवं होतं, असं मी मावशींना म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

तपासणीच्या दिवशी मी हट्टाने गेले. यायची काही गरज नाही असं उरणवाले दोनदा म्हणाले होते. पळस्प्याहून पुढे ट्रेलरांच्या रांगेत तास गेला. कंटेनर फ्रेट स्टेशन म्हणजे मला वाटलं बंदराच्या आत काहीतरी असेल. ते बाहेर, रस्त्याकडेला. मोठं पत्र्याचं गोदाम, मधे पिवळ्या रेघा, आणि एका डब्यातून निघालेला दहा-वीस जणांचा संसार मांडून ठेवलेला. कुणाचे नळ, कुणाच्या व्यायामाच्या सायकली, कुणाचे रंगाचे पिंप. या पसाऱ्यात आमची पेटी. तिच्यावरची लोंबी आधी दिसली, मग मला ती आमची आहे हे कळलं.

माथाडींनी पुढची फळी उचकटली. आतून मशीनच्या तेलाचा वास आला, आमच्या दुकानातलाच, फक्त थंड. सुयांवर तेच फडकं होतं. इंजिनिअरने टॉर्च मारून पाटी वाचली, फोटो काढले, चाक हाताने फिरवून पाहिलं. कस्टमच्या साहेबांनी मला विचारलं, "चालते का?" मी म्हटलं, "विकणारे म्हणाले चालते." त्यांनी मान डोलावली, म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही.

जेवायला उरणवाल्यांनी त्यांच्या ऑफिसवर नेलं. दोन खोल्या, एकीत फायली, दुसरीतही फायली. घरून आलेली तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याचा डबा होता. खिडकीतून कंटेनरांचे सहा-सहा मजले दिसत होते. "तिथे आमचं मिठागर होतं," ते म्हणाले. बोट कुठल्याशा निळ्या डब्यांकडे. "अलीकडे भात."

हे बंदर १९८९मध्ये सुरू झालं. त्याआधी नवी मुंबईसाठी आणि बंदरासाठी या पट्ट्यातल्या गावांची शेतं आणि मिठागरं गेली. जानेवारी १९८४मध्ये जासईच्या परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत. उरणवाले तेव्हा चार वर्षांचे. बापाच्या खांद्यावरून काहीतरी गर्दी पाहिल्याचं आठवतं, म्हणाले, पण ते खरं आठवतं की ऐकून ऐकून, ते सांगता येत नाही. वडील जमिनीच्या कागदांमागे पंचवीस वर्षं फिरले. कुठल्या टेबलावर काय विचारायचं ते त्यांना माहीत नव्हतं, आणि न विचारलेलं टेबलापलीकडून कुणी सांगत नसे.

"आमच्याकडे टक्का म्हटलं की आधी साडेबाराच आठवतो," ते म्हणाले. "मग तुमचा साडेसात."

साडेसात टक्के मूळ जकात. तिच्यावर दहा टक्के अधिभार, म्हणजे पाऊण. शंभर रुपयांचा माल १०८ रुपये २५ पैशांचा झाला, की त्यावर अठरा टक्के आयजीएसटी. सगळं मिळून २७.७३५. इथल्या माणसांना हा आकडा आपल्या गाडीच्या नंबरासारखा पाठ असतो. आयजीएसटी नंतर वळता करून घेता येतो हे खरं, पण आधी तर भरावाच लागतो. आणि हे शंभर रुपये म्हणजे नुसती मशीनची किंमत नव्हे, त्यात भाडं आणि विमाही धरायचा. म्हणूनच लायप्झिग ते हँबर्गच्या ट्रकची पावती जपून ठेवायला त्यांनी मला सांगितलं होतं. भाड्याचा पुरावा नसला तर कायदा एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या, किमतीच्या २० टक्के भाडं आपलं आपणच धरतो.

मिठाचा विषय निघाला म्हणून मी त्यांना एक सांगितलं. जुन्या पत्रांच्या एका खंडाची जुजबंदी आमच्याकडे झाली होती, तेव्हा फर्मे लावता लावता वाचलेलं. १६७१मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला पत्र लिहिलं: पोर्तुगीजांच्या बारदेशातून स्वस्त मीठ येतं, त्यामुळे आपल्याकडचं मीठ पडून राहील, तेव्हा त्याच्यावर जबर जकात बसवा. उरणवाल्यांनी घास थांबवला. "म्हणजे बाहेरच्या मालावर ड्यूटी. मिठावर." थोडा वेळ ते निळ्या डब्यांकडे बघत होते. मग फोन वाजला, कुणाच्या तरी खजुराचा डीओ अडकला होता.

दोन दिवसांनी शंका आली, म्हणजे 'क्वेरी'. हल्ली आकारणी करणारा अधिकारी आपल्या बंदरात बसलेला असेलच असं नाही. २०२०च्या अखेरीपासून सगळ्या देशात 'फेसलेस' पद्धत आहे, फाइल कुठल्याही शहरातल्या साहेबाच्या पडद्यावर जाते. त्या साहेबांनी विचारलं होतं: हे यंत्र ८४५२मध्ये का नाही, खुलासा करा. इन्व्हॉइस बदललं होतं, चेकलिस्ट बरोबर होती, तरी प्रश्न आलाच. मला धडकी भरली. उरणवाले निवांत होते. "हे तुम्हीच लिहा. पुस्तक कसं शिवतात ते मला कुठे माहीत आहे?"

मग मी लिहिलं. ज्यांचं तोंड मला कधी दिसणार नाही अशा कुणा अधिकाऱ्याला मी जुजबंदी समजावून सांगितली. फर्मा म्हणजे काय, दोरा घडीतून का जातो, कपड्याच्या मशीनला खालून बॉबिन असते आणि हिला खोगिरासारखी एक लोखंडी पट्टी असते, तिच्यावर फर्मा उघडा बसवावा लागतो. मावशींनी शिवलेल्या एका पुस्तकाची पाठ उघडी करून फोटो काढला, शेजारी मशीनच्या पट्टीचा फोटो. दीड पानाचं झालं. उरणवाल्यांनी त्यातली आठ वाक्यं ठेवली. माझं सगळ्यांत आवडतं वाक्य, वडिलांबद्दलचं, त्यांनी काढून टाकलं. "साहेबांना ते नको. मला ठेवा."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी 'आउट ऑफ चार्ज' मिळालं. माझ्या फोनवर फोटो आला: टेम्पोच्या फाळक्यात पेटी, तिच्यावर ताडपत्री, आणि खाली दोन शब्द, 'माल सुटला'.

मशीन आता चालते. पहिल्या महिन्यात तिने दोरा इतका तोडला की मावशी म्हणाल्या, मीच बरी होते. मग त्यांनीच तिला सरळ केलं, दोऱ्याला मेण लावून. पेटीच्या फळ्यांचं शेल्फ केलं, शिक्क्याची बाजू वर ठेवून. सुयांवरचं फडकं अजून तेच आहे.

गेल्या पावसाळ्यात उरणवाले काही कामाने पुण्याला आले ते दुकानात आले. बगलेत प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात वडिलांची फाइल. सातबारे, नोटिसा, पावत्या, हस्तलिखित अर्जांच्या कार्बन प्रती, काही कागद इतके जुने की घडीवर फाटलेले. "हे पुस्तकासारखं शिवून पायजे," म्हणाले. "तुमच्या मशीनवर. काय दर घ्याल?"

मी पिशवी टेबलावर रिकामी केली. एकेक कागद उजेडाला धरून पाहिला.

"हे सगळे सुटे कागद आहेत," मी म्हटलं. "घडीच नाही, तर मशीन दोरा काढणार कुठून? हाताने करावं लागेल, कागदांना मागे पट्ट्या लावून. आणि हे बघा, या नोटिसांवर डावीकडे शिक्के अगदी कडेला आहेत. शिवणीत गेले तर पुन्हा दिसणार नाहीत. कुठले शिक्के दिसायलाच हवेत?"

ते खुर्ची ओढून बसले आणि खिशातून चष्मा काढला.